आटून झालेली लोकर

शेवंता, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. चहा टाकताना भांडते, भाजी निवडताना भांडते. काल तर दळण आणायला गेले आणि गिरणीत उभी राहून मोठ्यांदा म्हणाले, "पण सूत आणि लोकर एकत्र धुतात का कधी?" गिरणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. तू असतीस तर मध्येच म्हणाली असतीस, "बाई, जरा दम खावा." आता मध्ये तोंड घालणारं कुणी नाही, म्हणून भांडणातली सगळी मजा गेली.

त्या भांडणाचा निकाल लागला, शेवंता. तुझ्या माघारी लागला. तोच सांगायला बसले आहे, पण तुला माझी सवय माहीत आहे. एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई उत्तर आधी सांगत नाही, पायऱ्या लिहायला लावते.

तू पहिल्यांदा माझं दार वाजवलंस ते रागानं. माझ्या खालच्या मजल्यावर तुझा मुलगा राहायला आला, तो वाळूजच्या कंपनीत जातो, त्याची मुलगी रूपाली वनरक्षकाच्या भरतीची तयारी करते आणि सिल्लोडकडच्या गावातून त्याची आई आली आहे, एवढंच मला ठाऊक होतं. जिन्यात दिसलीस की मी "कशा आहात?" विचारायची आणि तू "बऱ्या हावोत" म्हणून सरकायचीस. त्या दिवशी मात्र तू थेट आत आलीस, माझ्या टेबलावर पसरलेल्या चिंध्यांकडे बोट केलंस आणि विचारलंस, "बाई, ह्ये काय करायलात?"

मी फुलं करत होते. निवृत्तीनंतर मोबाइलवर बघून बघून मला नाद लागला होता. कागदाचे सारखे षट्कोन कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून कच्च्या दोऱ्यानं टाचायचं, मग मधे एक आणि भोवती सहा असे सात षट्कोन कडेला कड लावून शिवले की फूल. शेवटी कागद काढून घ्यायचा. भूमिती मला कुणी शिकवायला नको होती. घोडं अडलं होतं ते सुईपाशी. दोन वर्षांत माझी चार फुलं झाली होती, आणि चारही फुलांना मार बसल्यासारखी सूज होती.

तू एक फूल उचललंस, उलटं केलंस आणि म्हणालीस, "ह्यो टाका हाये का कोंबडीचं पाऊल?"

मग खुर्चीवर न बसता खाली फरशीवर बसलीस आणि रागाचं कारण सांगितलंस. रूपालीची भरतीत निवड झाली होती. ज्या गार्डानं तुझ्या बापाच्या मेंढ्या जंगलातून हाकलल्या, त्याच खात्यात तुझी नात चालली होती. या गोष्टीचा तुला इतका आनंद होता की सांगताना तू मांडीवर थापच मारलीस. तिला ट्रेनिंगला जाताना द्यायला म्हणून तू वाकळ शिवायला घेतली होतीस, आणि ती पोरगी हसून म्हणाली होती, "आज्जी, ही ठिगळं घेऊन जाऊ का मी तिथं?"

"ठिगळं म्हनली," तू परत म्हणालीस. "मला तुमची ही फुलं शिकवा. कुनाच्या बापाला ठिगळ म्हनता येऊ नये अशी."

आपला करार असा झाला. माप माझं, टाका तुझा. आणि पहिल्याच दिवशी तू माझं मापही काढून घेतलंस. मी कंपास काढून वर्तुळ आखत होते, त्रिज्येची सहा पावलं कशी परिघावर बरोबर बसतात हे फळ्यापाशी उभी असल्यासारखी समजावत होते. तू ऐकून घेतलंस. मग हातातली बांगडी काढून कागदावर ठेवलीस, भोवती पेन्सिल फिरवलीस, तो गोल कापून निम्मा दुमडलास, निम्म्याच्या तीन घड्या घातल्यास आणि तिरकी न होऊ देता एकच कात्री मारलीस. उलगडलं तर षट्कोन. मी पट्टीनं सहाही बाजू मोजल्या. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात. तुझ्या कंकणाला कंपासही लागला नाही, आणि मी मात्र मुलांच्या दप्तरात तो कंपास भरत राहिले.

कागदावरून आपली पहिली ठिणगी पडली. जाड कागद हवा म्हणून मी कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. तू कात्री घेतलीस, पत्रिका फिरवलीस आणि थांबलीस. वर गणपती होता. "ह्याच्यावर कात्री चालवायची?" मग गणपती वगळून कापायचं ठरलं. मग कुलदैवताचं नाव वगळून. मग नवरानवरीच्या नावावर कात्री गेली तर त्यांच्या संसाराचं काय, असं तू विचारलंस. शेवटी कापण्यासारखं उरलं काय, तर स्थळ, वेळ आणि 'अहेर आणू नये'. आपली पहिली दहा फुलं अहेर आणू नये यावरच झाली. शिवून झाल्यावर कागद काढायचा असतो हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तुला वाटलं, थंडी अडवायला आत ठेवलाय. दहाही फुलं कुरकुर वाजायला लागली तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस, तसं मी एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडे बघितलं नसेल.

त्याच दिवसांत तू मला बजावलंस, "मला अवो-जावो नका करू, परकं वाटतंय." मी तुला 'तू' म्हणायला लागले. तूही मला 'तू' म्हण, असं मी किती वेळा सांगितलं. "बाईला कुनी तू म्हनतं व्हय?" एवढंच उत्तर.

फुलांचे विषय तुझे. मी रंगांच्या जोड्या लावायला निघाले होते, फिकट निळ्याशेजारी गडद निळा वगैरे. तू म्हणालीस, एका फुलात एकाच गोष्टीची कापडं. रूपालीच्या शाळेचं फूल झालं, निळ्या ट्युनिकच्या पाकळ्या आणि मधे पांढऱ्या सदऱ्याचा तुकडा. कंपनीचं फूल तुझ्या मुलाच्या करड्या शर्टाचं. बाजाराचं फूल सासऱ्यांच्या पागोट्याचं. दवाखान्याचं फूल ज्या लुगड्यात तू नवऱ्याच्या उशाशी सतरा दिवस बसलीस त्याचं. ते शिवताना तू बोलली नाहीस, आणि मीही गप्प बसले. माझ्या आयुष्यात गप्प बसण्याचे असे प्रसंग थोडेच.

मग तू म्हणालीस, "बाई, आता तुमचं फूल."

मी कपाटं उघडली. एकही जुनी सुती साडी नव्हती. आईच्या, सासूबाईंच्या, माझ्या स्वतःच्या, सगळ्या साड्या देऊन बोहारणीकडून मी वर्षानुवर्षं स्टीलची भांडी घेतली होती. मांडणीकडे बघून तू म्हणालीस, "तुमच्या घरात पातेली लई, कापडं न्हाईत." लागलं मला ते. आईचा वास असलेलं एकही फडकं माझ्यापाशी नाही, एक झाकणाचा डबा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी गुलमंडीत जाऊन लालभडक नवा खण घेऊन आले. तू तो बोटात चोळलास आणि म्हणालीस, "ह्येला अजून कुनाचं अंग ठाऊक न्हाई. अंगावरून गेलेलं कापड दगा देत न्हाई, बाई. नव्याचं काय सांगावं?" मी म्हणाले, अंधश्रद्धा आहे ही. तू शिवलंस फूल. माझ्या हट्टापायी शिवलंस.

आणि मग ती लोकर.

सव्वीस फुलं तुझ्या हिरव्या लुगड्यावर बसवून झाली होती, मधली जागा रिकामी होती. तू पदराखालून बापाच्या घोंगडीचा तुकडा काढलास. काळ्या लोकरीच्या सहा पाकळ्या आणि मधे काठाचा पांढरा तुकडा. "ह्ये मेंढरांचं फूल. मधात ह्येच." मी साफ नाही म्हणाले. लोकर धुतली की आटते, आटली की भोवतालचं सूत ओढून घेते, आठ महिन्यांची मेहनत चुरगळून जाईल. मी तुला प्रसरण-आकुंचन शिकवायला बसले. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "ह्या लोकरीला जेवढं आटायचं व्हतं तेवढं माझ्या बापाच्या पाठीवर आटलंय. चाळीस पावसाळं खाल्लेत तिनं. आता काय आटती?"

मी म्हणाले, हे शास्त्र नव्हे.

तेव्हा तू उसळलीस. "तुला काय कळतंय गं लोकरीतलं!"

तू म्हणालीस. तू मला 'तू' म्हणालीस, शेवंता. भांडण राहिलं बाजूला, मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागले. तुला वाटलं, मी तुझ्या बापाला हसते आहे. तू उठून गेलीस आणि तीन आठवडे वर आली नाहीस.

हे तीन आठवडे मला छळतात. मी खाली यायला हवं होतं. चौदा पायऱ्या फक्त. पण चूक तुझी आहे, लोकर आटतेच, हे डोक्यात पक्कं होतं. त्या तीन आठवड्यांत रूपालीचं बोलावणं आलं आणि ती दुकानातलं जांभळं ब्लँकेट घेऊन निघून गेली. वाकळ मधल्या रिकाम्या जागेसकट तुझ्या ट्रंकेवर पडून होती. तू नंतर कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही माफी मागितली नाही. ती आज मागते, तू खुशाल ठेवून घे नाहीतर परत कर.

रूपाली गेल्यावर दुसऱ्या दिवशी तू वर आलीस. लोकरीचं फूल मधे शिवूनच आणलं होतंस. "बगा," म्हणालीस आणि चहा टाका म्हणून भुवई उडवलीस. पोरगी दिवाळीच्या सुटीला येईल तेव्हा देऊ असं ठरलं. तोवर पाण्यात घालायची नाही, हे मी तुझ्याकडून कबूल करून घेतलं.

दिवाळीला तू थांबली नाहीस. ताप आला, तो छातीत उतरला, चार दिवस दवाखाना झाला आणि पाचव्या दिवशी तू "मला घरी न्या" म्हणालीस. घरी तुझ्या अंगावर तीच वाकळ होती. मी शेजारी बसून होते. तुझं बोट लोकरीवरून फिरत होतं, आणि मला शास्त्र सुचत नव्हतं.

आता पुढचं नीट ऐक, कारण इथून तू नव्हतीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून माणसं परतली. तुझ्या थोरल्या जाऊबाई, गयाबाई, गावाहून आल्या होत्या. त्यांनी तुझी गादी, उशी, चादर आणि ती वाकळ एका गाठोड्यात बांधली आणि फाटकापाशी ठेवायला लावली. "मयताचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत. गावाकडं वढ्याला सोडतो, हितं वढा कुटून आणायचा?" आपल्या सिडकोत ओढ्याची जागा घंटागाडीनं घेतली आहे. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू यायला लागलं होतं.

मी जिन्यात उभी होते. वर्गातल्या साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी एक पायरीही खाली उतरले नाही. परक्या घरच्या रीतीत मी कोण बोलणार, असं वाटलं. आत्ता लिहिताना कळतं की ते नुसतं भित्रेपण होतं. तू असतीस तर बोलली असतीस.

रूपाली बोलली. ती आदल्या दिवशीच रजा काढून आली होती, रडून डोळे सुजले होते. गाडीवाल्यानं गाठोड्याला हात घातला तशी ती अनवाणी खाली धावली. तिनं गाठ तिथंच सोडली, वाकळ ओढून काढली आणि छातीशी धरली. गयाबाई वरून ओरडल्या, "रूपे, मयताची हाये ती!"

"माझी हाये," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज्जीनं माझ्यासाठी शिवली. तिनं फकस्त राखली."

गयाबाई खाली आल्या. घंटागाडी गादी-उशी घेऊन पुढे गेली. शेवटी त्यांनी तोड काढली. "ठेवायचीच आसंल तर धुवून घ्या. चांगली कढत पान्यात. मंग चालंल."

कढत पाण्यात! शेवंता, मी तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं ते काय, आणि हे काय. गच्चीवर टाकीपाशी घमेलं ठेवलं, सोलरचं वाफाळतं पाणी ओतलं, धुण्याचा सोडा टाकला. मी म्हणाले, "गार पाणी घेतलं तर?" गयाबाई म्हणाल्या, "गार पान्यानं सुतक जातं व्हय?" मग धोपटणं आलं. तुझे आठ महिने, तुझं लुगडं, तुझा बाप, सगळं त्या घमेल्यात होतं. गयाबाईंनी आणि रूपालीनं वाकळीची दोन टोकं धरून पीळ घातला, पाणी निथळलं, आणि उलगडून दोरीवर टाकली. मी डोळे मिटून घेतले होते. निकालाच्या दिवशी पोरं करतात तसे.

रूपाली म्हणाली, "बाई, बघा की."

लोकर जशीच्या तशी होती. एक सुरकुती नाही. सहा काळ्या पाकळ्या, मधे पांढरा काठ, भोवतालचं हिरवं लुगडं ताठ. मी पट्टी मागवली, खरंच मागवली. ज्या मापाची घेतली होती त्याच मापाची भरली. तुझ्या बापाच्या पाठीवर आटायचं तेवढं आटून झालं होतं.

आणि लाल खणाचा रंग फुटला होता. माझं फूल. शाळेच्या फुलाचा पांढरा तुकडा गुलाबी, कंपनीच्या दोन पाकळ्या गुलाबी, लुगड्यावर चांगला पसाभर डाग. सव्वीस जुन्या-पान्या फुलांतलं एकही हललं नव्हतं, आणि नव्यानं दगा दिला होता.

गयाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ह्ये लालभडक कुनाचं? ह्यानंच समदी नासली."

"माझं," मी म्हणाले.

आधी रूपाली हसली. मग गयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी. सुतकाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी गच्चीवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्यातलं हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, हे मला सांगता यायचं नाही. मी म्हणाले, उसवून काढते माझं फूल. रूपाली म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. आता तेबी धुतलेलं झालं."

वाकळ वाळेपर्यंत ती माझ्यापाशी कठड्याला टेकून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "मी ठिगळं म्हणले होते तिला. आज्जीच्या ध्यानात असंल का?"

मी म्हणाले, "नाही गं. ती कधीच विसरली होती."

खोटं बोलले, शेवंता. दर फूल पुरं झालं की तू ते उजेडात धरून विचारायचीस, "ह्याला कोन ठिगळ म्हनंल?" सत्तावीस वेळा विचारलंस. पण तिला ते ओझं घेऊन जाऊ द्यायला माझं मन धजावलं नाही. यात तुझं काही म्हणणं असेल तर सांग.

परवा तुझा दहावा झाला आणि काल ती परत गेली. मी बसस्टँडवर सोडायला गेले होते. बॅगेत वाकळ मावली नाही. मी म्हणाले, पिशवीत घालून देते. तिनं वाकळीची लांब घडी केली आणि डाव्या खांद्यावर टाकली, तुझ्या घरातले पुरुष घोंगडी टाकतात तशी, आणि लोकरीचं फूल बरोबर वर येईल अशी वळवून घेतली. कंडक्टर म्हणाला, "ताई, वर रॅकवर ठेवा ना ती." ती म्हणाली, "नको. खांद्यावरच असू द्या. आज्जीनं शिवलीय." पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून त्या फुलाला हात लावला आणि विचारलं, कसलं कापड आहे हे? बस हलली तेव्हा ती मेंढ्यांपासून सांगायला लागली होती.

मी हरले, शेवंता. लोकरीत हरले, खणात हरले, कंपासात तर पहिल्याच दिवशी. इतकं पुरतं मला कुणी हरवलं नव्हतं, आणि काल स्टँडवर मी एखादी ट्रॉफी मिळाल्यासारखी ताठ उभी होते. फक्त एकच राहिलं. हे तुझ्यासमोर कबूल करायचं होतं. तू कमरेवर हात ठेवून म्हणायचं होतंस, "सांगितलं व्हतं का न्हाई तुला?"

'तुला'च म्हणायचं होतंस. 'तुमाला' नाही.